पंगत, खाणावळ आणि ढाबा : खान्देशातील बाहेरच्या अन्नाची कथा

वसई-मुंबईकडचे पाहुणे आमच्याकडे येतात तेव्हा स्टेशनवरून धर्मग्रामाच्या आवारापर्यंत पोहोचण्याआधीच त्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो. ‘फादर, जळगावात चांगले जेवायला कुठे मिळते?’ कुणी शेवभाजीचे नाव ऐकलेले असते, कुणी भरिताचे. प्रश्न साधा आहे आणि त्याचे उत्तरही आम्हांस अवघड नाही. परंतु या भागातील जुन्या माणसांशी बोलत असता आमच्या ध्यानात आले की, हा प्रश्न येथे फार जुना नव्हे. त्यांच्या वडिलांच्या काळी परगावी निघालेल्या माणसाला विचारीत ते असे : ‘जेवायचे कुणाकडे?’ ‘कुणाकडे’ या शब्दाच्या जागी ‘कुठे’ हा शब्द यावयास खान्देशास सुमारे शंभर वर्षे लागली. त्या शंभर वर्षांची हकिकत वाचकांपुढे ठेवावी, असे मनात आले.

‘कुणाकडे’ म्हणजे कोणत्या नातलगाकडे, कोणत्या जातभाईकडे. ज्याचे गावात कुणी नाही त्याने धर्मशाळेत किंवा देवळाच्या ओवरीत उतरावे, तीन दगडांची चूल मांडावी, बरोबरच्या शिध्याची भाकरी थापावी. दाता उदार असला तरी तो बहुधा शिधा देई. कोरडे पीठ, डाळ, मीठ, मिरची. कोरडे अन्न कुणाचेही चाले, शिजलेले चालत नसे. पाण्यात शिजलेल्या अन्नाला विटाळ लवकर लागतो, तुपातेलात तळलेल्याला तितका लागत नाही, अशी समजूत होती. म्हणून यात्रेतील हलवायाची जिलेबी, भजी आणि शेव माणूस निःशंकपणे खाई. त्याच हलवायाच्या घरचा वरणभात मात्र खात नसे. एकवीरेच्या यात्रेत धुळ्याला किंवा सारंगखेड्याच्या घोडेबाजारात बाहेरचे खाणे म्हणजे हेच तळीव खाणे होते. खान्देशाला शेवेचे एवढे वेड का, याची अनेक कारणे सांगतात. आमचा आपला तर्क असा की, ज्या पदार्थाने जातीचा अडसर सर्वांत आधी ओलांडला तो लोकांच्या जिभेवर सर्वांत आधी रुळला.

घरच्या अन्नाची सीमा किती घट्ट होती हे कानबाईच्या उत्सवात आजही दिसते. श्रावणातील त्या उत्सवाचे रोट भाऊबंदांनीच खायचे असतात. आम्ही हे दोष म्हणून सांगत नाही. एकत्र जेवणे म्हणजे एक असणे, ही जाणीव त्यामागे आहे आणि ती खरी आहे. मात्र तिची दुसरी बाजू अशी की, ज्याच्याबरोबर आपण जेवत नाही तो आपला नव्हे, हेही त्यातून रोजच्या रोज ठरत जाई.

या व्यवस्थेला पहिला धक्का रस्त्याने दिला. १८१८ साली खान्देश इंग्रजांच्या ताब्यात आल्यावर कॅप्टन जॉन ब्रिग्जने धुळे हे मुख्य ठाणे केले, नवी पेठ वसविली आणि बऱ्हाणपूरकडील व्यापाऱ्यांना जागा देऊन बोलावले. मुंबई-आग्रा रस्त्यावरचे हे गाव गाडीवान, कापसाचे दलाल, पलटणी आणि पुढे कोर्टकचेरीची माणसे यांनी गजबजले. परंतु दलालाने दलालाकडे उतरावे आणि गाडीवानाने गाडीखाली चूल पेटवावी, असेच ते गजबजणे होते.

दुसरा धक्का आगगाडीचा. १८६० नंतरच्या चारपाच वर्षांत ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे रूळ चाळीसगाव, पाचोरा, जळगाव करीत भुसावळला पोहोचले. तेथून एक फाटा नागपूरकडे आणि दुसरा जबलपूरकडे गेला. १८७० साली मुंबई व कलकत्ता रुळांनी जोडली गेली आणि भुसावळ हे हिंदुस्थानातील मोठे जंक्शन झाले. आगगाडीत तीन दगडांची चूल मांडता येत नाही, आणि शिदोरी दोन दिवसांपलीकडे टिकत नाही. मग काय करावे? रेल्वेने सोवळ्यालाही वेळापत्रकात बसविले. फलाटावर ‘हिंदू पाणी’ आणि ‘मुसलमान पाणी’ अशा आरोळ्या निराळ्या. पाणी देणारे निराळे, घडे निराळे. साहेबलोकांचे भोजनगृह निराळे, पुढे हिंदूंचे व मुसलमानांचेही निराळे. पाण्याला जात नसते हे सर्वांना ठाऊक होते. घड्याला असते, एवढेच काय ते म्हणणे होते.

या भोजनगृहांत व आगगाडीच्या जेवणाच्या डब्यांत आचारी आणि खानसामे म्हणून गोव्याचे ख्रिस्ती पुष्कळ असत. त्यांना मांस शिजविण्यात अडचण नव्हती, कुणाचे उष्टे उचलण्यात कमीपणा वाटत नव्हता, आणि पाव, रोस्ट, कटलेट त्यांच्या हाताखालचे होते. भुसावळच्या रेल्वे वसाहतीतील जुन्या ख्रिस्ती घरांत त्या स्वयंपाकाचा वास अजून दरवळतो. नाताळात तेथे भेटीस गेल्यावर दोदोल आणि करंज्यांच्या ताटात कुणीतरी शेवही ठेवलेली असते, तेव्हा आम्हांस मोठी गंमत वाटते. आणि खान्देशी म्हणून आपण ज्या तिखटाचा अभिमान बाळगतो ती मिरची, तो शेंगदाणा, ते टोमॅटो व बटाटे हे सारे मूळचे अमेरिका खंडातले. मिरचीने तर पोर्तुगीजांच्या गलबतांतून या देशात पाऊल टाकले. नंदुरबारच्या मिरची बाजारात पसरलेल्या लाल गालिच्याकडे पाहताना याची आठवण कुणाला होत नाही, आणि व्हावी अशी अपेक्षाही नाही.

खाणावळ मात्र खास आपली. १९०६ साली खान्देश जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले आणि जळगावही जिल्ह्याचे ठिकाण झाले. कज्जेदलाल, कारकून, गिरणीकामगार, हायस्कुलात शिकणारी खेड्यांतील मुले, या सर्वांना दोन वेळचे अन्न हवे होते. गरीब ब्राह्मण विद्यार्थी वार लावून जेवत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, आणि एखादा वार रिकामा राहिला तर त्या दिवशी उपास. इतर जातींच्या मुलांना तेवढाही आधार नव्हता. अंमळनेरच्या प्रताप हायस्कुलात १९२४ ते १९३० या काळात शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी तेथील छात्रालय सांभाळले. तशी छात्रालये ही या मुलांची खरी सोय होती. शहरांतून खाणावळी निघाल्या त्या पुष्कळदा एखाद्या विधवा बाईने पोटासाठी काढलेल्या असत. दारावर पाटी मात्र जातीची किंवा निदान ‘हिंदू हॉटेल’ अशी. या बायांच्या कष्टांचा इतिहास कुणी लिहिला नाही. पहाटे पाच वाजता चुलीशी बसलेल्या त्या बाईने अर्ध्या जिल्ह्याचे वकील आणि मास्तर पोसले.

येथे पुण्याकडे थोडे वळावे लागेल. १८७९ साली न्यायमूर्ती रानडे यांची बदली सरकारने संशयापोटी धुळ्यास केली होती. तेथे त्यांची पत्रे फोडून पाहिली जात, असे रमाबाईंच्या आठवणींवरून कळते. सरकारचा रोष रानड्यांनी शांतपणे सोसला. परंतु पुढे ११ वर्षांनी एका चहाच्या पेल्याने त्यांना अधिक छळले. १८९० साली पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये (हे मिशन अँग्लिकन पंथाचे) गोपाळराव जोशी यांच्या खटपटीने रानडे, टिळक आदी मंडळी जमली. तेथे चहा-बिस्किटे आली. काहींनी घेतली, काहींनी नुसती पुढ्यात राहू दिली. गोपाळरावांनी नावे छापून आणली आणि गावभर गहजब झाला. प्रकरण शंकराचार्यांच्या पीठापर्यंत गेले, चौकशी बसली, आणि १८९२ साली रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. सुधारकांना ते लागले. चहात दोष नव्हता, तो ख्रिस्त्यांच्या मेजावर होता हा दोष होता.

हे वाचून आपल्याला ख्रिस्ती म्हणून हसू येत असेल तर जरा थांबावे. पहिल्या शतकात अंत्युखियात संत पेत्र परराष्ट्रीयांबरोबर जेवत असे. यरुशलेमकडील माणसे येताच तो भिऊन पंगतीतून मागे सरला, आणि संत पौलाने त्याला सर्वांदेखत धारेवर धरले. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात हे नोंदलेले आहे. आमच्या मराठी ख्रिस्ती घरांतही पाहुण्याचे मूळ गाव आणि आडनाव विचारून मगच ताट वाढणारी माणसे होऊन गेली. ती सगळीच होऊन गेली, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करीत नाही.

पंचहौदाचा चहा गाजला, कारण तो पिणारी माणसे मोठी होती. ज्यांना चहा मिळतच नव्हता त्यांचे काय? १९२८ साली मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यासाठी एक समिती नेमली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिचे सभासद होते आणि खान्देशचे दोन जिल्हे त्यांच्याकडे व एका सहकाऱ्याकडे होते. काम आटोपून ते चाळीसगावास उतरले आणि धुळ्याच्या फाट्यावरील एका खेड्यात बहिष्काराची चौकशी करून परत आले. चाळीसगावच्या अस्पृश्य बांधवांनी त्यांना रात्री मुक्कामास ठेवून घेतले होते. स्टेशनवर मात्र तास गेला तरी वाहन येईना. शेवटी टांगा आला. तो मोरीवरून जाताना उलटला, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले, पायाचे हाड मोडले. मागाहून त्यांना उलगडा झाला. एकही टांगेवाला अस्पृश्याला घेऊन टांगा हाकावयास तयार नव्हता. पाहुण्याने पायी चालत यावे हे बांधवांना कमीपणाचे वाटले. तेव्हा टांगा भाड्याने मिळाला, पण हाकणारा मिळाला नाही, आणि ज्याला घोड्याची सवय नाही अशा त्यांच्यातल्याच एकाने लगाम हाती घेतला. विलायतेतून बॅरिस्टर होऊन आलेल्या माणसाची ही कथा. जेथे टांग्यात बसता येत नव्हते तेथे हॉटेलात बसण्याची गोष्टच नको.

आमच्या धर्मग्रामात एक वृद्ध गृहस्थ आहेत. वयाने पंचाऐंशीच्या घरात. त्यांचे नाव येथे देत नाही, गावाचेही नाही. लहानपणी वडिलांबरोबर बाजारास जात तेव्हाची चहाच्या टपरीची आठवण त्यांनी आम्हांस सांगितली. त्यांच्या वस्तीसाठी दोन फुटक्या कानाचे कप टपरीच्या वळचणीला खोचलेले असत. आपण कप काढावा, पुढे करावा; मालक वरून चहा ओती. उभ्यानेच पिऊन कप आपणच विसळावा आणि पुन्हा वळचणीला खोचावा. पैसे दगडावर ठेवावे. ‘पण फादर,’ ते म्हणाले, ‘चहा तोच असायचा. एकाच किटलीतला.’ ही गोष्ट १९५० नंतरची, हे आम्ही त्यांच्याकडून दोनदा विचारून खात्री करून घेतले.

कारण तोवर कायदे झालेले होते. १९३६ च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले, ते खेड्यात भरलेले पहिले. नंदलाल बोस यांनी बांबूंनी उभारलेल्या त्या नगरात हजारो लोकांच्या जेवणाची व्यवस्था पूर्व खान्देशातील कार्यकर्त्यांनी केली. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपूरचे मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून उपोषण केले. एका माणसाने न जेवण्याने जे साधले त्याचा विचार जेवणाच्या इतिहासात करावाच लागतो. आणि २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या संविधानाचा पंधरावा अनुच्छेद पाहा. दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले येथे धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून कुणालाही अडविता येणार नाही, अशी त्यात तरतूद आहे. आणि त्याच ओघात विहिरी, तलाव, स्नानघाट व रस्ते यांचा उल्लेख आहे. राज्यघटनेसारख्या गंभीर ग्रंथात हॉटेलाने स्थान मिळवावे याचे परकीयांना नवल वाटेल. चाळीसगावचा टांगा आणि वळचणीचा कप ज्याला ठाऊक आहे त्याला वाटणार नाही. १९५५ साली अस्पृश्यता गुन्हा ठरविणारा स्वतंत्र कायदाही झाला. कप त्यानंतरही काही वर्षे वळचणीला होते.

ते खाली कसे आले? कायद्याने आले, चळवळीने आले, आणि काही अंशी गर्दीनेही आले. गावात नाव व जात ठाऊक असते; बसस्थानकाजवळच्या हॉटेलात ती कुणी विचारीत नाही, विचारावयास सवडही नसते. अंमळनेरला १९४५ च्या अखेरीस वनस्पती तुपाचा कारखाना निघाला. पुढे संगणकाच्या क्षेत्रात जगभर नाव झालेल्या विप्रोचे मूळ ते हेच. असल्या स्वस्त वनस्पती तुपावर गावोगावच्या हॉटेलांच्या कढया तापू लागल्या आणि खाणे स्वस्त झाले. १९६५ साली धान्यटंचाईत पंतप्रधान शास्त्रीजींनी सोमवारी एक वेळ जेवण सोडण्याचे आवाहन केले, तेव्हा हॉटेलेही सोमवारी संध्याकाळी बंद राहत. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या सगळ्या जातींच्या बायांनी सुकडीसाठी एकाच रांगेत हात पुढे केले. पुढे १९९५ साली सरकारने एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रे काढली, आणि २०२० साली दहा रुपयांची शिवभोजन थाळी आली. सरकारी अन्नाची चव हा निराळा विषय आहे. त्यात आम्ही शिरत नाही.

शेवभाजीला खरे राज्य दिले ते ढाब्याने. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन मोठे रस्ते धुळ्याला एकमेकांना छेदतात. जुन्या माणसांच्या तोंडी अजून ते तीन नंबरचा आणि सहा नंबरचा हायवे असेच आहेत. रात्री दोन वाजता ट्रक थांबवणाऱ्या माणसाला ताजी भाजी कुठून द्यावी? काळ्या मसाल्याचा, कांदा-खोबरे भाजून वाटलेला, तेलाचा तवंग आलेला रस्सा तयार ठेवावा, आणि ताट वाढतेवेळी त्यात जाड तिखट शेव सोडावी. शेव मऊ व्हायला हवी, पण विरघळता कामा नये. पानावर आल्यावर चार मिनिटांत जेवावयास बसले नाही तर तिचा लगदा होतो. बाजेवर आडवी फळी टाकून पंजाबी, गुजराती, मराठी, मुसलमान ड्रायव्हर शेजारी शेजारी जेवले. त्यांच्यापैकी कुणी समाजसुधारणेसाठी तेथे थांबले नव्हते.

स्त्रियांना मात्र या टेबलापर्यंत यावयास आणखी वेळ लागला. आमच्या बालपणी हॉटेलात कोपऱ्यात लाकडी पडदी लावलेली ‘फॅमिली रूम’ असे. आई हॉटेलात जेवली ती आमच्या माहितीत दोनदाच, आणि दोन्ही वेळा दवाखान्याच्या कामासाठी शहरात आल्यावर. पडदीमागे बसूनही तिने डोक्यावरचा पदर सोडला नव्हता. खाणावळी बायांनी चालविल्या आणि जेवले पुरुष, हा विरोधाभास आम्हांस फार उशिरा उमगला.

आता पाहुण्यांच्या प्रश्नाकडे येऊ. खान्देशात बाहेर जेवायचे तर हिवाळ्यात यावे. यावल तालुक्यातील बामणोद आणि आसपासच्या शेतांतून फिकट हिरवी, भली मोठी, कमी बियांची वांगी तेव्हा बाजारात येतात. २०१६ साली जळगावच्या भरिताच्या वांग्याला व केळीला भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकनाने चव वाढत नाही, पण नक्कल ओळखावयास मदत होते. ही वांगी गॅसवर भाजू नयेत. कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा जाळ करावा, त्यात ती पूर्ण काळी होईपर्यंत ठेवावीत, साल काढून ‘बडजी’ नावाच्या लाकडी भांड्यात हिरवी मिरची व लसूण यांबरोबर ठेचावीत, आणि शेंगदाणे, कांद्याची पात, कोथिंबीर घालून तेलाची फोडणी द्यावी. लाल तिखट नाही, हळदही नाही. सोबत कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेली, किंवा पुऱ्या, आणि मुळा. हे मूळचे शेतातले जेवण. कापूस वेचून झाल्यावर त्याच काड्यांवर, त्याच बांधावर, घरच्यांनी आणि मजुरांनी एकत्र बसून केलेले. त्यातूनच भरीत पार्ट्या आल्या, आणि मग जळगावात किलोवर भरीत विकणारी भरीत केंद्रे. वरणबट्टीचेही तसेच झाले. लग्नाच्या पंगतीत केळीच्या पानावर, घोटलेल्या वांग्याच्या भाजीसह मिळणारी बट्टी आता हॉटेलच्या पाटीवर लिहिलेली असते. खापरावरचे मांडे मात्र अजून हॉटेलाला नीट जमलेले नाहीत, असे आमचे मत आहे. त्यासाठी आखाजीला कुणाच्या तरी घरीच जावे लागते. तेथे जुना ‘कुणाकडे’च उपयोगी पडतो.

गेल्या पौषात वसईचे एक कुटुंब आले होते. त्यांना घेऊन आम्ही जळगावातील अशाच एका साध्या ठिकाणी भरीत खावयास गेलो, आणि त्या वृद्ध गृहस्थांनाही आग्रहाने बरोबर नेले. ते प्रथम नको म्हणाले. मग आले, कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले. मुलांनी दुसऱ्यांदा भरीत मागितले, पाहुण्यांच्या डोळ्यांतून मिरचीने पाणी काढले, आणि गृहस्थांनी दोन भाकरी शांतपणे संपवल्या. शेवटी चहा आला. चहा पिऊन झाल्यावर ते कप हातात घेऊन उठले आणि मोरीकडे चालू लागले. टेबल पुसणाऱ्या पोऱ्याने त्यांना अडविले. ‘राहू द्या ना, बाबा. ते आमचं काम.’

त्यांनी क्षणभर त्याच्याकडे पाहिले आणि कप टेबलावर ठेवला. तोवर गल्ल्यापाशी बिल कुणी द्यायचे यावरून पाहुण्यांची आणि आमची ओढाताण सुरू झाली होती.